गुंठ्याआधीचे टिंब

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात शेतकऱ्याला विचारा, जमीन किती? उत्तर एकर-गुंठ्यात येईल. त्याचाच सात-बारा उघडला तर तिथे हेक्टर, आर आणि चौरस मीटर दिसतील. बदनापूर असो की अंबड, बोलणे एका मापात आणि कागद दुसऱ्या मापात, हे कित्येक वर्षे चालले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ही मापे संगणकात भरण्याच्या पद्धतीबद्दल, आणि तीही एका टिंबापुरती.

दोन एकर वीस गुंठे हे आपण सवयीने 2.20 असे लिहितो. हे टिंब दशांश चिन्ह नव्हे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून 2.39 नंतर 3.00 येते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला हे ठाऊक असते. संगणकाला कोणी सांगितलेले नसते. रकाना ‘संख्या’ म्हणून आखला असेल तर तो 2.20 म्हणजे दोन पूर्णांक एक-पंचमांश एकर समजतो आणि हेक्टरात रूपांतर करून 89 आर 3 चौरस मीटर असे उत्तर देतो. खरे क्षेत्र अडीच एकर, म्हणजे 1 हेक्टर 1 आर 17 चौरस मीटर. बारा गुंठे गेले, आणि बांध तर कोणी कोरला नाही!

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. संख्येच्या रकान्यात शेवटचे शून्य बहुधा टिकत नाही. 2.20 चे 2.2 होते. आता हे वीस गुंठे की दोन? मूळ नोंद हाताशी नसेल तर कोणतेही सूत्र ते सांगू शकणार नाही. हेक्टर-आरचे टिंब तुलनेने निरुपद्रवी, कारण तिथे शंभराचा हिशेब आहे, 1.01.17 चे 1.0117 हेक्टर बिनधास्त करता येते. (पाच आरसाठी .05 ऐवजी .5 लिहिले तर मात्र तिथेही पंचेचाळीस आर वाढतात.) दशमान पद्धतीचा खरा फायदा हा आहे. वर्गात आपण मात्र शून्ये सरकवण्यापलीकडे जात नाही.

दुसरा दोष ‘एक हेक्टर म्हणजे अडीच एकर’ या सोयीचा. गुंठा म्हणजे 33 फुटांच्या साखळीचा चौरस, 1089 चौरस फूट, सुमारे 101.17 चौरस मीटर. आराच्या इतका जवळ, की दोन्ही एकच मानण्याचा मोह होतो. खरे तर हेक्टरात 2.471 एकरच बसतात. केंद्र सरकारच्या 2008 च्या कृषी कर्जमाफी योजनेत लहान शेतकऱ्याची मर्यादा ‘2 हेक्टर (5 एकर)’ अशी दिली होती. पण पाच एकर म्हणजे 2.0234 हेक्टर! नेमके पाच एकर असलेला शेतकरी कंसात बसतो आणि कंसाबाहेर 234 चौरस मीटरने, म्हणजे सुमारे सव्वादोन गुंठ्यांनी, मर्यादा ओलांडतो. लहान शेतकऱ्याला पूर्ण माफी होती, मोठ्याला थकबाकीचा बहुतेक भाग भरल्यावर सूट. माणूस कंस वाचून समजून घेईल. संगणकाला तुलनेसाठी एकच आकडा द्यावा लागतो. तो कोणता, हे कार्यक्रम लिहिणाऱ्याने आपल्या टेबलावर बसून ठरवावे, हे मला मान्य नाही.

‘नोंद घेतानाच सगळे मेट्रिक करून टाका’ हा सल्ला अनेक संगणक-तज्ज्ञ देतात. गणितासाठी तो ठीक आहे, दप्तरासाठी अपुरा आहे. मूळ आकडा जसा लिहिला तसा एका रकान्यात राहावा, एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत जावेत, गुंठ्याच्या रकान्याने चाळीस किंवा त्याहून मोठा आकडा नाकारावा. रूपांतर शेजारी ठेवावे, मुळावर गिरवू नये. फेरफार एकरात झाला असेल तर वाद उद्भवल्यावर पुरावा त्या एकराचाच असतो.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. मुलांना घरच्या जमिनीचे आकडे घरी लिहिलेले असतील तसे, टिंबासह, आणायला सांगा. एखाद्या आकड्यात टिंबापुढे 40 किंवा अधिक आले, तर तो दशांशात लिहिलेला एकर आहे किंवा हेक्टर तरी आहे. सगळे आकडे चाळिसाच्या आत असले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही; मग घरी जाऊन विचारावेच लागते.