सांचो खोटं बोलतो तेव्हा

'दोन किहोते' न वाचलेल्यांनाही ही जोडी माहीत असते. गंजकं चिलखत घातलेला काटकुळा म्हातारा आणि गाढवावर बसलेला ढेरपोट्या नोकर. (आपल्याकडे 'डॉन क्विक्झोट' हे नाव रुळलंय, स्पॅनिश उच्चार किहोतेच्या जवळ जातो.) एक स्वप्नाळू, दुसरा व्यवहारी, हे समीकरणही तयारच असतं. पवनचक्क्यांशी लढाई आठव्याच प्रकरणात होते आणि मला दाट संशय आहे, की बरेच वाचक तिथेच पुस्तक ठेवून देतात. पुढे हे समीकरण सर्व्हांतेस स्वतःच मोडतो. ते कुठे मोडतं, ते मला दाखवायचंय.

पहिला भाग आला १६०५ साली, दुसरा १६१५ साली. (मधे १६१४ साली अव्हेयानेदा या टोपणनावाने कुणीतरी खोटा दुसरा भागही छापला. तो किस्सा पुन्हा कधीतरी.) दुसऱ्या भागाच्या दहाव्या प्रकरणात किहोते सांचोला एल तोबोसो गावात पाठवतो: जा, दुल्सिनेआला शोधून आण. आता पंचाईत अशी, की सांचोने तिला भेटल्याची थाप पहिल्या भागातच मारून ठेवलेली आहे. तो गावाबाहेर झाडाखाली बसतो, स्वतःशीच सवालजवाब करतो आणि तोडगा काढतो. गाढवांवर बसून तीन खेडवळ पोरी येताना दिसतात. सांचो धावत मालकाकडे जातो: चला, तुमची राजकन्या आली!

आणि किहोतेला फक्त गाढवांवरच्या तीन पोरी दिसतात.

पवनचक्कीत राक्षस पाहणारा माणूस इथे जसं आहे तसं पाहतो. तिच्या तोंडाला येणारा लसणाचा वाससुद्धा त्याला जाणवतो. राजकन्या 'दिसते' ती गुडघे टेकलेल्या सांचोला. मालकाची भाषा तो इतकी शिकलाय, की ती मालकावरच उलटवतो. किहोते स्वतःची समजूत घालतो: दुष्ट मांत्रिकाने तिचं रूप पालटलं असणार. इथून पुढे तो मला हास्यास्पद वाटतच नाही. खानावळींना आता तो खानावळीच म्हणतो. दुसऱ्या भागभर तो खिन्न आहे आणि त्या खिन्नतेचं मूळ सांचोची थाप आहे.

मग येतात ड्यूक आणि डचेस. त्यांनी पहिला भाग वाचलाय! आपल्यासारखेच वाचक, फक्त पैसेवाले. करमणूक म्हणून ते या दोघांसाठी अख्खं नाटक उभं करतात: खोटा मर्लिन, लाकडी उडता घोडा, सांचोला राज्य करायला एक खोटं 'बेट'. ही प्रकरणं वाचताना मी हसलो आणि मग अवघडलो, कारण ड्यूक हसतो त्याच जागी मी हसत होतो. कथेतला इतिहासकार सिदे हामेते तर नंतर म्हणतोच, की दोन वेड्यांची टर उडवायला एवढा खटाटोप करणारेही वेड्यांच्या फार दूर नाहीत. गंमत म्हणजे सांचो राज्य बरं करतो. काठीत लपवलेल्या दहा सोन्याच्या नाण्यांचा निवाडा हा निरक्षर माणूस नुसत्या निरीक्षणावर देतो. मात्र दरबारी वैद्य त्याला एक घास सुखाने खाऊ देत नाही. शेवटी तो आपल्या गाढवाला मिठी मारून निघून जातो.

मर्लिनचा हुकूम असा, की सांचोने स्वतःला ३,३०० फटके मारले तरच दुल्सिनेआ मूळ रूपात येईल. म्हणजे थाप मारली सांचोने आणि वसुलीही त्याच्याच पाठीवर! किहोते एकदा जबरदस्तीने फटके मारायला जातो, तर सांचो त्याला खाली पाडून छातीवर गुडघा रोवतो. पुढे फटक्यामागे पैसे ठरतात. रात्रीच्या अंधारात सांचो स्वतःला सहा-आठ फटके मारतो आणि उरलेले झाडांना, वर कण्हतोही. ते ऐकून किहोते कळवळतो: पुरे कर, तुला बायको-पोरं आहेत. ज्या दुल्सिनेआसाठी तो हाडं मोडून घेतो, तिची सुटका तो नोकराच्या जिवासाठी थांबवायला तयार होतो. मला हा पुस्तकातला सर्वांत मोठा पराक्रम वाटतो आणि तो झाडाच्या सालीवर ओढलेल्या फटक्यांच्या आवाजावर घडतो.

शेवटी किहोते अंथरुणाला खिळतो, शुद्धीवर येतो, मी अलोन्सो किहानो आहे म्हणतो. आजूबाजूचे शहाणे मृत्युपत्राच्या तयारीला लागतात. सांचो रडत विनवतो: उठा, ठरल्याप्रमाणे मेंढपाळ होऊन रानात जाऊ, एखाद्या झुडपामागे मंत्रातून सुटलेली दुल्सिनेआ भेटेलही. तिला मंतरलं होतं त्यानेच. या वेळी तो थाप मारतोय असं मला वाटत नाही.