संलग्न संस्थेचा रकाना

तीन वर्षांपूर्वी एका संकेतस्थळावर नाव नोंदवायला बसलो होतो. संशोधकाला संपादक, अनुवादक आणि प्रकाशक गाठून देणारी अशी बरीच जाळी आता आहेत, त्यांतलेच हे एक. नाव, देश, विषय इथपर्यंत ठीक चालले. पुढचा रकाना ‘संलग्न संस्था’. तो रिकामा ठेवला की पान पुढे सरकेना. मी आयटीआय करून साखर कारखान्यात लागलो आणि संशोधन सुट्ट्यांमध्ये केले. माझी संस्था म्हणजे घरातले एक लोखंडी कपाट. शेवटी तिथे ‘स्वतंत्र’ असे लिहून सुटका करून घेतली. खाली भाषांची यादी होती, तीत मराठी नव्हती.

माझा विषय देवक. लग्नाआधी कोणत्या घरात कशाचे देवक बसवतात, डहाळी कोण आणते, ती उठवतात कधी, याच्या नोंदी मी आमच्या तालुक्यात वीस वर्षे करत आलो आहे. त्यावरचा एक लेख मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून मी त्या जाळ्यावर मिळालेल्या संपादकाकडे पाठवला. दर शब्दामागे ठरलेला, पैसे आगाऊ. आठ दिवसांत लेख परत आला. वाक्ये गुळगुळीत झाली होती आणि ‘देवक’ हा शब्द एकाही पानावर उरला नव्हता. सगळीकडे ‘टोटेम’. कुलदैवत आणि ग्रामदैवत या दोघांची मिळून ‘स्थानिक देवता’ झाली होती. एका घराचे देवक कळंब आणि कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, हा फरकच माझ्या लेखाचा कणा होता. तोच मोडला.

‘टोटेम’ हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला. मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवर आर. ई. एन्थोव्हेन यांचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात निघाले. देवकाकडे टोटेम म्हणून पाहण्याची वाट तेव्हाच्या सरकारी मानववंशशास्त्राने पाडली, आणि शंभर वर्षांनी माझ्या संपादकाची बैलगाडी त्याच चाकोरीतून गेली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शंका आली तर लेखकाला विचारायचे, अशी सोयच त्या व्यवहारात नव्हती. लेखकाचे नावसुद्धा त्याला कळत नव्हते. माझा आक्षेप आहे तो या रचनेवर. संशोधन आधी पुरे होते आणि भाषा नंतर धुवून इस्त्री करून मिळते, असे ती गृहीत धरते. देवकाला दुसरा शब्द दिला की विषयच दुसरा होतो, हे तिच्या हिशेबात नाही.

आपल्याकडे हे काम एकेकाळी वेगळ्या रीतीने झाले आहे. गो. स. सरदेसाई बडोदा संस्थानच्या नोकरीत होते, विद्यापीठात नव्हते. जदुनाथ सरकार बंगालचे. या दोघांचा पत्रव्यवहार जवळजवळ अर्धशतक चालला. सरकार मराठी शिकले, सरदेसायांकडे कामशेतला येऊन राहिले, आणि पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार दोघांनी मिळून संपादित केला. यात संशोधक कोण आणि संपादक कोण, हे वेगळे करता येत नाही. एकाची शंका दुसऱ्याच्या टिपणात उतरत असे. शंका विचारायला पोस्टाचे तिकीट लागे, पण ती विचारली जात असे.

मात्र जुन्या व्यवस्थेच्या आरत्या ओवाळायला मी तयार नाही. रा. चिं. ढेरे यांच्याकडे पाहा. विद्यापीठाच्या आश्रयाबाहेर राहून त्यांनी शंभरावर ग्रंथ लिहिले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली आला, १९८७ साली त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला २०११ साली. मधली सत्तावीस वर्षे गेली. फेल्डहाउस महाराष्ट्राच्या लोकधर्मात मुरलेल्या, मूळ संदर्भ स्वतः पारखू शकणाऱ्या अभ्यासक आहेत, आणि अशा अनुवादाला वेळ लागायचाच. पण ढेऱ्यांसारख्या माणसाच्या प्रमुख ग्रंथाला सत्तावीस वर्षे, तर तालुक्याच्या गावी बसलेल्याचे काय? त्या जगात शिरायला पुण्यात कुणाच्या तरी ओसरीवर बसायची जागा लागे, ओळखीची चिठ्ठी लागे. आडनाव पाहूनही कुठे कुठे स्वागताचा रंग बदलत असे, हे मी स्वतः अनुभवले आहे. एका ग्रंथालयात मला हस्तलिखिताऐवजी ‘उद्या या’ एवढेच तीन वेळा मिळाले. संगणकाच्या पडद्याने निदान ‘उद्या या’ म्हटले नाही.

म्हणून जाळी नकोत असे मी म्हणत नाही. त्यांतली काही खरोखर कामाची आहेत. ब्रिटनमधल्या ‘इनास्प’ या संस्थेने २००७ साली सुरू केलेले ‘ऑथरएड’ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांसाठी आहे. तिथे अनुभवी लेखक-संपादक मोबदला न घेता मार्गदर्शन करतात, तुमचा लेख स्वतः लिहून देत नाहीत. ‘ऑर्किड’चा सोळा अंकी क्रमांक तर कुठल्याही संस्थेच्या शिक्क्याशिवाय फुकट मिळतो, आणि एकाच नावाच्या दहा जणांत आपले लेखन आपल्या नावावर राहते. (आमच्या तालुक्यात माझ्या नावाचे चौघे आहेत. त्यांतला एक पोल्ट्रीवाला, त्याच्या उधारीचे फोन मला येतात.)

ऑथरएडच्या धर्तीच्या एका जाळ्यात मला मार्गदर्शक मिळाल्या. दूरच्या देशातल्या, निवृत्त शिक्षिका, मराठीचा गंध नसलेल्या. मूळ कच्चा लेख आणि सुधारलेला लेख, दोन्ही त्यांनी मागवले आणि शेजारी ठेवून वाचले. मग एकच प्रश्न विचारला : तुमच्या पहिल्या लेखातला हा शब्द कुठे गेला? मी ‘देवक’ जसाच्या तसा परत घातला, पहिल्या उल्लेखापाशी चार ओळी खर्चून. या ओळी लिहिणे अख्ख्या लेखापेक्षा अवघड गेले, कारण आजवर मला कुणी देवक म्हणजे काय असे विचारलेच नव्हते.

त्यांचा दुसरा प्रश्न त्याहून साधा होता. उठवलेल्या डहाळीचे पुढे काय करता? वीस वर्षांच्या वह्या उलटल्या. देवक कसे आणतात, कुठे बसवतात, कोण पुजते, सारे होते, हे नव्हते. मी चुलतीला विचारले. ती म्हणाली, “अरे, ते आम्हा बायकांचं काम. तू पुरुषांनाच विचारत बसलास.” त्या आठवड्यात मी पाच घरांतल्या बायकांना भेटलो. पाच घरांत पाच उत्तरे मिळाली. लेख अजून छापलेला नाही. सहावे घर परवा आहे, चुलतीही बरोबर येणार आहे.