रिस्टोरेशनच्या रीलमध्ये मिस्त्री कुठे असतो?

रिस्टोरेशनची रील पाहिली नाही असा माणूस आता सापडणं कठीण. पहिल्या तीन सेकंदांत चिंचेच्या झाडाखाली उभी असलेली गाडी दिसते. टायर जमिनीत रुतलेले, बॉनेटवर पाचोळा, सीट उंदरांनी कुरतडलेली. मग प्रेशर वॉशरचा फवारा, ग्राइंडरच्या ठिणग्या, स्प्रे गन. तिसाव्या सेकंदाला तीच गाडी चकाचक होऊन घाटरस्त्याला लागते. खाली कमेंट ठरलेल्या: ‘नादखुळा भावा’, ‘जाळ अन् धूर संगटच’.

मला या रील आवडतात. पण हा आता एक कथाप्रकार झाला आहे. त्याला ठरलेली सुरुवात आहे, ठरलेला शेवट आहे, आणि नायकही ठरलेला आहे. कथाप्रकार म्हटला की त्याची समीक्षाही व्हायला हवी. माझी तक्रार एकच आहे. या गोष्टीत गाडी किती स्वस्तात मिळाली ते ठळक अक्षरांत सांगतात, पण ती कशामुळे स्वस्तात उभी राहिली ते सांगत नाहीत.

या रीलची लाडकी गाडी म्हणजे कॉन्टेसा. ‘भारताची मसल कार’ असं तिला कौतुकाने म्हणतात. हिंदुस्तान मोटर्सने 1984 पासून 2002 पर्यंत ती बनवली, व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या 1970च्या दशकातल्या मॉडेलवरून. अमेरिकेत ज्या गाडीपासून मसल कारचा जमाना सुरू झाला असं मानतात, त्या 1964च्या पॉन्टिअॅक जीटीओला 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन होतं. आपल्या कॉन्टेसाला सुरुवातीला अॅम्बॅसडरचंच 1.5 लिटरचं इंजिन होतं, ताकद सुमारे 50 हॉर्सपॉवर. कोल्हापुरी भाषेत सांगायचं तर अंगाने पैलवान, पण दोन मिनिटांत दम लागणारा. पुढे 1.8 लिटरचं इसुझू इंजिन आलं तेव्हा कुठे तिला थोडा दम आला. म्हणजे तिची ‘मसल’ मुख्यतः चेहऱ्यात होती. रीललाही चेहराच हवा असतो, म्हणून दोघांचं चांगलं जमतं.

आता रीलमधून जे कापलं जातं त्याकडे येऊ. कोल्हापुरात ते शिवाजी उद्यमनगरात पाहायला मिळतं. उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं जिथे घडली, तिथल्या लेथवर बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीचा भागही घडू शकतो. जुनं इंजिन उघडलं की सिलिंडरचा बोअर झिजलेला निघतो. मोठ्या मापाचा पिस्टन मिळाला तर रीबोअर करायचं, नाही मिळाला तर लायनर टाकून मूळ मापावर आणायचं. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला जातो. हेड वाकलं असेल तर फेसिंग करावं लागतं. एखादा बुश बाजारात मिळतच नसेल तर टर्नर जुना तुकडा हातात घेतो, झिजेच्या आधी त्याचं माप काय असेल याचा अंदाज बांधतो आणि नवा काढून देतो. बिडाचा भाग ओतायचा असेल तर लाकडी पॅटर्न मुद्दाम किंचित मोठा करतात, कारण बीड थंड होताना आकसतं. या सगळ्यात दिवस जातात, कधी आठवडे. रीलमध्ये त्याचे दोन सेकंद होतात, आणि त्या दोन सेकंदांत फक्त हात दिसतात. माणसाचा चेहरा दिसत नाही.

पत्र्याचं तर विचारूच नका. सडलेला पत्रा कापून तिथे नवा वेल्ड करणं हे प्रामाणिक काम. भोकात लांबी भरून वर रंग मारणं हे दुसरं काम. कॅमेऱ्यात दोन्ही सारखीच चमकतात. फरक कळतो तो लोहचुंबकाने, कारण जाड लांबीवर तो चिकटत नाही. जुनी गाडी घेणारा जाणता माणूस खिशात छोटा लोहचुंबक ठेवतो आणि दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला लावून बघतो. समीक्षकाचंही काम तेच. रीलच्या शेवटच्या चकचकीत दृश्यावर विश्वास ठेवायचा नाही, चुंबक लावून बघायचा.

सिनेमाने ही गोष्ट आधीच सांगून ठेवली आहे. जॉन कार्पेंटरचा ‘क्रिस्टीन’ (1983) घ्या. आर्नी नावाचा बुजरा मुलगा खिळखिळी झालेली 1958ची प्लिमथ फ्युरी 250 डॉलरला घेतो आणि नीट करायला लागतो. गाडी जसजशी झळाळते तसतसा तो मित्रांना तुटतो, उर्मट होतो. पुढे तर गाडी स्वतःच स्वतःची दुरुस्ती करते. चेपलेला पत्रा आपोआप फुगून सरळ होतो, मिस्त्री लागतच नाही. रीलचं स्वप्न हेच आहे ना? फक्त कार्पेंटरने ते भयपटात घातलं. 250 डॉलर ही गाडीची खरी किंमत नव्हती, हे तो शेवटपर्यंत दाखवत राहतो.

आपल्याकडे अब्बास-मस्तान यांचा ‘टारझन: द वंडर कार’ (2004) आला. मुलगा दिवंगत वडिलांची जुनी गाडी भंगारातून आणतो आणि तिचं काय करतो? तिची चकाकती स्पोर्ट्स कार करतो. ती प्रत्यक्षात घडवली होती दिलीप छाब्रिया यांनी. लहानपणी मला ती भारी वाटली होती. आता प्रश्न पडतो की वडिलांची आठवण म्हणून आणलेल्या गाडीत वडिलांच्या गाडीचं काय उरलं? जुन्यावर प्रेम आहे असं म्हणायचं आणि जुनेपणाचा एकही ओरखडा ठेवायचा नाही, ही गंमत या सिनेमात आहे, तशीच रीलमध्येही आहे.

आणि मग ऋत्विक घटक यांचा ‘अजांत्रिक’ (1958). सुबोध घोष यांच्या कथेवरचा हा बंगाली सिनेमा एकदा तरी पाहाच. रांचीच्या परिसरात बिमल नावाचा टॅक्सीवाला आहे आणि जगद्दल नावाची त्याची जुनाट शेवरोले. लोक हसतात, तो तिच्याशी बोलतो. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की ती तहानलेल्या जनावरासारखी घटाघटा पिते, तसा आवाजच घटकांनी तिला दिला आहे. शेवटाकडे बिमल पैसे ओतून नवे पार्ट आणतो, रात्रंदिवस खपतो आणि गाडी चालू होते. रील इथे संपली असती. घटक इथे थांबत नाहीत. बिमलला खात्री करून घ्यायची असते, म्हणून तो गाडीत दगड भरतो आणि त्या ओझ्याने ती कायमची बसते. मग भंगारवाला येतो. अगदी शेवटी एक लहान मूल तिचा तुटका हॉर्न वाजवत बसलेलं दिसतं, आणि बिमल रडता रडता हसतो.

चुंबक इथे घट्ट चिकटतो. कारण या सिनेमात मधला काळ कापलेला नाही. गाडी रोज थोडी बिघडते, रोज थोडी सुधारते, आणि दुरुस्त करणारा माणूस सगळा वेळ आपल्यासमोर असतो. बिमलला जगद्दल नवी दिसायला नको आहे, चालायला हवी आहे. रिस्टोरेशन आणि दुरुस्ती यांत मला हा फरक वाटतो. पहिल्यात काळ पुसायचा असतो. दुसरीत काळ मान्य करून पुढे जायचं असतं.

गंमत म्हणजे कायदाही रीलच्याच बाजूचा आहे. 15 वर्षं झाली की गाडीची फिटनेस तपासणी आणि पुनर्नोंदणी करावी लागते. एप्रिल 2022पासून कारसाठी तिचं शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झालं. दुसरीकडे जुलै 2021च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ असा वेगळा मान दिला, पण तो 50 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाडीलाच. पहिली कॉन्टेसा तिथे पोचेल 2034मध्ये. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर तेव्हाही नाही. म्हणजे मधली काही दशकं गाडी जिवंत ठेवायला कुणी वेगळं इंजिन बसवलं असेल, तर ज्या दुरुस्तीमुळे ती वाचली तीच तिच्या आड येणार. जपलेल्या वस्तूला मान आहे. वापरून, डागडुजी करून टिकवलेल्या वस्तूला कोणताच रकाना नाही.

दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते. 1930च्या दशकातली ती देखणी गाडी पाहायला गर्दी होते, सगळ्यांचे फोन वर जातात. ती आजही चालते याचा मलाही अभिमान वाटतो. पण कोणतीही गाडी नव्वद वर्षं आपोआप चालत नाही. कुणीतरी दरवर्षी तिचं बॉनेट उघडतं. त्या हातांचा फोटो कुणी काढत नाही, मीही कधी काढलेला नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात एखादी गाडी असेल. गावाकडच्या गोठ्यात उभी असलेली, मामाची, नाहीतर कुठल्यातरी जाहिरातीत ‘जशी आहे तशी’ म्हणून टाकलेली. घ्या जरूर. चॅसी नंबर आरसीशी जुळवून बघा, चुंबक लावा, इंजिनाच्या आधी काचा, रबर आणि टेल लॅम्प शाबूत आहेत का ते पाहा, कारण ते लेथवर निघत नाहीत. आणि पुढे तुम्ही तिची रील केलीत तर दोन गोष्टी तीत घाला. एक, मिस्त्रींना विचारून त्यांचं नाव आणि चेहरा. दोन, त्यांनी किती दिवस काम केलं आणि तुम्ही त्याचे किती पैसे दिले तो आकडा. गाडी खरंच स्वस्तात पडली की कुणाच्या तरी न मोजलेल्या दिवसांवर उभी राहिली, ते मग पाहणाऱ्यालाच कळेल. लाइक कदाचित कमी पडतील. पण चुंबक चिकटेल.