भिंतीवरचे घोडे

आमच्या लहानपणी 'मुलांची खोली' नावाची वस्तू परभणीत नव्हती. मुलं होती, खोल्याही होत्या; पण या दोघांचा संबंध जोडावा असं कुणाला सुचलं नव्हतं. उन्हाळ्यात माळवदावर आणि हिवाळ्यात आजीच्या वाकळीत जिथं पाय पसरता येतील ती आपली खोली. भिंतीवर चित्र एकच, किराणा दुकानाचं कॅलेंडर. तेसुद्धा दुधाच्या हिशेबानं इतकं भरून जाई की, मूळ देव कोणता होता हे दिवाळीनंतर सांगता येत नसे.

आता मुलानं वसमत रस्त्याला घर बांधलं आणि आपल्या सहा वर्षांच्या लेकीला स्वतंत्र खोली दिली. पलंग आला, कपाट आलं, एक भिंत तेवढी रिकामी राहिली. रिकामी भिंत आणि रिकामा पेन्शनर, या दोन गोष्टी कोणत्याही सूनबाईला पाहवत नाहीत. त्यामुळं ती भिंत माझ्याकडं सोपवण्यात आली. नातीची अट एकच होती : "आजोबा, घोडा पाहिजे."

मी फ्रेमवाल्याकडं गेलो. "एक घोडा द्या," म्हणालो. त्यानं माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं.

"काका, एक घोडा कुणी नेत नाही. सात न्या."

"कामून?"

"सातला बरकत आहे. दक्षिणेच्या भिंतीला लावा. धंद्यात प्रगती होते."

नातीचा धंदा सध्या दुधाचे दात पाडण्याचा आहे आणि त्यात तिची प्रगती उत्तम चालली आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. सात पांढरेशुभ्र घोडे, पायांखाली उसळणारं पाणी, मागं लालभडक सूर्य असा ऐवज रिक्षात आडवा धरून घरी आणला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही उगीच म्हणत नाही. चित्र लागलं आणि भिंत खरंच भारदस्त दिसू लागली. शेजारीपाजारी पाहून गेले. प्रत्येकानं घोडे मोजले. सात भरल्यावर समाधानानं चहा घेतला.

रात्री अकराच्या सुमारास नात उशी घेऊन माझ्या खोलीत आली.

"आजोबा, ते अंगावर येतात."

"अगं, ते चित्र आहे."

"मग ते पळतात कामून? त्यांच्या मागं कोण लागलंय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती माझ्या पलंगावर झोपली, आणि मी तिच्या पलंगावर जाऊन झिरोचा बल्ब लावून आडवा झालो. चित्रकलेची समीक्षा करणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. चित्र आपण दुकानात उभं राहून, ट्यूबलाइटच्या उजेडात, खिशात हात घालून बघतो. मूल ते आडवं पडून, अंधारात, एकटं बघतं. ते चित्रच वेगळं असतं.

तर त्या उजेडात मला पहिल्यांदा पाय दिसले. सातांपैकी तीन घोडे पुढचे दोन पाय पुढं आणि मागचे दोन मागं फेकून हवेत तरंगत होते. ही चूक फार जुनी आणि फार मोठ्यांची आहे. फ्रेंच चित्रकार जेरिकोनं १८२१ साली एप्समच्या शर्यतीचं प्रसिद्ध चित्र काढलं, त्यातले घोडे असेच उडतात. पुढं १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजनं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे मांडून धावत्या घोडीचे फोटो घेतले, तेव्हा कळलं की भरधाव घोड्याचे चारही पाय सुटतात हे खरं. पण ते पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. आमच्या फ्रेमवाल्यापर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे. पण पायांची चूक माफ करता येईल. पायांना घाबरून कुणी आजोबाकडं येत नाही.

दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि मी उठूनच बसलो. सात घोडे म्हणजे सूर्याच्या रथाचे. पण त्या रथात सूर्य बसलेला असतो आणि लगाम अरुणाच्या हाती असतो. या चित्रात रथ काढून टाकलेला, अरुणाला घरी पाठवलेलं, आणि खुद्द सूर्याला मागं बल्बासारखं टांगलेलं! उरले काय, तर लगाम सुटलेले सात घोडे. मोठ्या माणसाला यात प्रगती दिसते. सहा वर्षांच्या मुलीला कुणाच्याच ताब्यात नसलेली सात जनावरं दिसतात. बरोबर कुणाचं, हे मी सांगायला नको.

मग दुसरं चित्र आलं. हे मुलानं मागवलं : हुसेन यांच्या घोड्याची छापील प्रत. मला आशा होती. हुसेन यांचा जन्म १९१५ साली आपल्या पंढरपुरात झाला; आणि नाव होण्यापूर्वी मुंबईत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवले, तशी मुलांची खेळणी आणि फर्निचरही बनवलं. म्हणजे मुलांच्या खोलीचा अनुभव असलेला माणूस! दिवसा तो घोडा पाहून मी थक्क झालो. चार रेषांत केवढी ताकद! मात्र झिरोच्या उजेडात नुसती मान आणि दात उरले. "हा चावतो," नात म्हणाली. यात हुसेन यांचा दोष नाही. तो घोडा समोर उभं राहून डोळ्याला डोळा भिडवणाऱ्या माणसासाठी आहे. पांघरूण नाकापर्यंत घेतलेल्या माणसासाठी नाही.

तिसरं, सूनबाईंनी आणलेलं स्टिकर. लांब पापण्या, गुलाबी आयाळ, कपाळावर शिंग. नातीनं एका वाक्यात निकाल दिला : "हे बाळाचं आहे."

त्या आठवड्यात मी देवघरात पूजा करत होतो. नात शेजारी बसून टाक पुसत होती. खंडोबाच्या टाकावर तिचा हात थांबला. चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घोडा, वर देव आणि म्हाळसा, खाली कुत्रा.

"हा घोडा चांगला आहे."

"कामून गं?"

"ह्याच्यावर माणूस बसलाय की."

मी थक्क झालो. आमच्याकडचा घोडा कधी मोकळा नसतोच! टाकावर खंडोबा आहे. करमरकरांनी घडवलेल्या, १९२८ साली पुण्यात बसवलेल्या पुतळ्यात घोडा आहे, तसे त्यावर शिवाजीमहाराज आहेत. आपल्याला घोड्याचा धाक वाटला नाही, कारण त्याला धाक असलेला कुणीतरी वर बसलेला होता. टाक मोठा करून लावावा असं मी सुचवलं, तर सूनबाई म्हणाल्या, देवाकडं पाय होतील. तेही खरंच.

अखेर मोबाइल उघडला. मार्गशीर्षात आम्ही गंगाखेड, पालम ओलांडून लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला गेलो होतो. खंडोबाचं दर्शन झालं, मग घोड्यांचा बाजार पाहिला. तिथं मी एक फोटो काढला होता. एक तांबडा तट्टू, तोंडाला तोबरा, पायाशी बसून बिडी ओढणारा म्हातारा मालक. कोपऱ्यात माझा अंगठा. कोणत्याही प्रदर्शनात हा फोटो कुणी दारातही उभा केला नसता. त्यात वेग नाही, बरकत नाही. दिशेचं म्हणाल तर तट्टूचं तोंड चंदीकडं आहे.

नातीनं तो मोठा करून घ्यायला लावला. मालकाला कापू दिलं नाही, अंगठ्यालाही नाही. "तो तुमचा आहे," म्हणाली. फ्रेमवाल्यानं पैसे घेताना मान हलवली, "काका, एकच घोडा? आणि तोही बांधलेला?"

रात्री मी दारातून डोकावलो. झिरोचा बल्ब चालू होता.

"भीती वाटते का गं?"

"नाही. तो बांधलेला आहे ना. सकाळी इथंच असंल."

सात घोडे सध्या हॉलमध्ये आहेत, दक्षिणेच्या भिंतीवर. येणारे-जाणारे मोजतात. माझ्या पेन्शनमध्ये अजून तरी प्रगती नाही. पण उशी घेऊन रात्री कुणी येत नाही. गेल्या महिन्यापासून ते मात्र जरा चुकल्यासारखं वाटतं.