‘व्यसन’ : शब्दाचा एक गळालेला अर्थ

बिद्रीच्या परिसरात ‘व्यसन’ म्हटले की तंबाखूची पुडी किंवा दारूचा पेला डोळ्यांपुढे येतो. निपाणीच्या बाजूने सीमा ओलांडून कन्नड भाषिकांत गेल्यास तोच शब्द दुःख, मनस्ताप या अर्थीही ऐकू येतो. तमिळमधील ‘विसनम्’ तर दुःखच होय. मूळ संस्कृत शब्दात (वि + अस्, विखरून फेकणे) दोन्ही अर्थ नांदत होते. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या आठव्या अधिकरणात दुष्काळ, पूर, द्यूत आणि मद्यपान यांचा विचार याच एका शब्दाखाली केला आहे. मराठीने वाईट सवय तेवढी ठेवली, आपत्ती गळाली.

या लोपाचे परिणाम कोशापुरते राहिलेले नाहीत. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकराची सनद रद्द होते व अपमानाच्या त्या घटकेला तळीराम पेला पुढे करतो. ताण आहे, पण तो प्रौढाचा आणि तत्कालिक; प्रेक्षकाच्या स्मरणात मात्र पेलाच राहतो. आधुनिक शास्त्र त्यापूर्वीच्या वर्षांकडे बोट दाखविते. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. सुखाची ओढ लावणारी डोपामिनची यंत्रणा त्याआधीच जोमात असते. या वयात ताण दीर्घकाळ टिकल्यास कॉर्टिसॉलचे नियमन बिघडू शकते आणि पुढे नशेची ओढ बळावण्याचा संभव वाढतो. फेलिटी, अँडा प्रभृतींच्या १९९८ च्या अमेरिकन पाहणीत, अठरा वर्षांच्या आत चार वा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. ही पाहणी प्रौढांच्या आठवणींवर आधारलेली होती. तिच्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे तिचे दाखले देणारे पुष्कळदा विसरतात. शिवाय आघात सोसलेला प्रत्येक मुलगा व्यसनाकडे वळतो असेही नव्हे.

दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलेही येतात. अशा मुलाच्या हाती तंबाखू दिसताच त्याला ‘व्यसनी’ म्हटले जाते. या विशेषणातला ‘ई’ प्रत्यय दोष त्याच्या स्वभावात रोवतो. पण तीच मराठी ‘त्याला व्यसन लागले’ असेही म्हणते. तेथे मुलगा कर्ता नाही, चतुर्थीत आहे. ठेच लागते, भूक लागते, तसे.