फझी गणिताच्या तराजूत वर्ग आणि ऑनलाइन

करोनाच्या काळात एक प्रश्न घरोघरी विचारला गेला: मुलं वर्गात जास्त शिकतात की पडद्यासमोर? ही तुलना फझी, म्हणजे धूसर गणिताने करण्याचे प्रयत्नही झाले. ग्रीसमधले गणिताचे प्राध्यापक मायकेल व्होस्कोग्लू विद्यार्थ्यांच्या फझी मूल्यमापनावर सातत्याने लिहीत आले आहेत. त्यातली गुरुत्वमध्याची पद्धत आज आम्हाला तपासून पाहायची आहे.

मूळ कल्पना लोत्फी झादे यांची, १९६५ सालची. आपल्याकडे साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी, एकोणसाठला नाही. पण त्या दोन मुलांत एवढा फरक असतो का? धूसर संचात एकोणसाठवाला ‘चांगल्या’ गटात समजा ०.७ आणि ‘मध्यम’ गटात ०.३ बसू शकतो. कल्पना सुंदरच आहे.

आता मूल्यमापनात काय होतं बघा. मुलांना अ, ब, क, ड, इ अशा पाच श्रेणी देतात. वीसपैकी चार मुलं ‘अ’मध्ये, म्हणून ‘अ’ची सदस्यता ०.२. मग प्रत्येक श्रेणीचा एकेक आयत काढून सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य शोधतात. तो जितका वरच्या श्रेणीकडे, तितका गट सरस.

आमची पहिली हरकत इथेच. मूल आधीच एका खोक्यात टाकलं; ‘सदस्यता’ म्हणून उरलं ते नुसतं प्रमाण. एकोणसाठवाला पुन्हा रेषेच्या अलीकडेच राहिला!

दुसरी हरकत मोठी आहे. ‘इ’ला ०, ‘ड’ला १, असं करत ‘अ’ला ४ गुण धरा आणि सूत्र सोडवा. आयतांची रुंदी १ असेल तर गुरुत्वमध्याचं आडवं स्थान येतं सरासरी अधिक ०.५. बस्, एवढंच! म्हणजे सरासऱ्या वेगळ्या असतील तर नेहमीच्या श्रेणी-सरासरीने जो क्रम लागला असता, तोच इथे लागतो.

आम्ही रचलेलं एक उदाहरण घ्या. वर्गातली वीस मुलं: अ ४, ब ८, क ४, ड २, इ २. ऑनलाइन वीस: अ १०, ब २, क २, ड ०, इ ६. दोन्हीकडे सरासरी २.५, गुरुत्वमध्याचं आडवं स्थान ३. निकाल काय? या आडव्या स्थानावर दोन्ही पद्धती सारख्याच! पण ऑनलाइन गटात निम्मी मुलं शिखरावर आहेत आणि सहा जण तळाला. त्या सहांकडे मोबाइल होता का, रेंज होती का, हे विचारायची वेळ होती, आणि नेमकी तीच सहा मुलं आकड्यात विरघळली.

फझी गणित टाकाऊ आहे असं आम्ही म्हणत नाही. व्होस्कोग्लू यांनी त्रिकोणी फझी संख्याही वापरल्या आहेत. शिक्षकाच्या मनातला ‘इथपासून तिथपर्यंत’चा अंदाज त्यांत मावतो. आमचं म्हणणं साधं आहे. धूसरपणा मोजायचा तर तो एकेका मुलाचा मोजा, आणि गुरुत्वमध्य काढण्याआधी दोन्ही गटांचे आलेख शेजारी ठेवून नीट पाहा. वर्ग की ऑनलाइन, हे ठरवण्याआधी कोण मागे राहिलं ते दिसायला हवं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.