तयार ब्रशचं पान कोणत्या झाडाचं?

(देवपूर, धुळे येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

डिजिटल चित्रकलेवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?" सांगतो. पण त्याआधी एका चित्राविषयी बोलू.

मागे एका विद्यार्थ्यानं केळीच्या बागेचं चित्र दाखवलं. मुलगा रावेरकडचा, बाग घरचीच. रंग छान, उजेड छान. मी विचारलं, "भाऊ, हाई कोठलं शे?" (हशा) तो हिरमुसला. कारण पानं त्यानं काढलेलीच नव्हती. झाडापानांचा तयार ब्रश घेऊन हात फिरवला होता आणि पंधरा मिनिटांत जंगल उभं राहिलं होतं. जगात कुठेही खपेल असं जंगल.

आता केळीचं पान आठवा. मधे दांडा, त्यातून दोन्ही बाजूंना निघालेल्या समांतर शिरा. वारा सुटला की पान त्या शिरांच्या रेषेतच फाटतं आणि चिंध्या लोंबतात. म्हणून तर शेतकरी बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतो. फाटलेल्या पानावरून वारा कुठून येतो, झाड काठावरचं की आतलं, बागेला आडोसा आहे की नाही, याचा अंदाज येतो. हे सगळं त्या मुलाला माहीत होतं. ब्रशला माहीत नव्हतं. आणि चित्रात चाललं ते ब्रशचं. माझा आक्षेप एवढाच आहे.

लगेच कुणी म्हणेल, सर यंत्राच्या विरोधात दिसतात. नाही हो! रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरं आपल्या घराघरांत होती. ते स्प्रे वापरायचे, म्हणजे यंत्रच की. पण स्प्रे फक्त रंगाचे तुषार उडवतो. कडा कुठे धारदार ठेवायची, त्यासाठी कुठे कागद कापून झाकायचं, कुठे रंग विरू द्यायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. स्प्रेच्या डबीत तयार डोळे भरलेले नव्हते. तयार ब्रशमध्ये पान आधीच भरलेलं असतं.

मग सॉफ्टवेअर कोणतं? फोटोशॉप उत्तमच आहे, पण 2013 पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. क्रिता मोफत आहे आणि मुक्तही. स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू. मोठा कॅनव्हास आणि भरपूर लेयर झाले की जुन्या कॉम्प्युटरवर ते अडखळतं, हे खरं. दुसरी तक्रार मोठी आहे. उघडल्याबरोबर ब्रशांची लांबलचक रांग समोर येते, मिठाईच्या दुकानासारखी. नवशिक्या काढायचं विसरून निवडत बसतो.

पण त्याच क्रितामध्ये एफ-5 दाबा. ब्रशचं पोट उघडतं. टोकाचा आकार, दोन ठशांमधलं अंतर, पेनाच्या दाबाबरोबर जाडी किती बदलावी, ठसा किती फिरावा, सगळं समोर. मग कळतं, ही जादू म्हणजे एक छोटंसं काळं-पांढरं चित्र, पुन्हा पुन्हा उमटवलेलं. लहानपणी आपण बटाट्याचे ठसे करायचो, तसंच. ही सोय फोटोशॉपमध्येही आहे. इथे ती शिकायला खिशातून काही जात नाही. म्हणून माझं उत्तर क्रिता. पण फुकट आहे एवढ्यासाठी घेऊ नका, उघडून बघता येतं म्हणून घ्या.

तो मुलगा पुढे बागेतली तीन पानं काढून त्यांचे ठसे करून आला. एक अखंड, एक अर्धवट फाटलेलं, एक पार चिंध्या झालेलं. लांबची झाडं त्यानं ठशांनी भरली. जवळची हातानं काढली, कारण आपलाच ठसा झाला तरी तो वाऱ्याप्रमाणे वाकत नाही. आधीचं चित्र पंधरा मिनिटांचं होतं, याला नऊ संध्याकाळी लागल्या. रंग पहिल्याइतके मोहक नाहीत, हेही सांगतो.

पण हे चित्र त्यानं घरी दाखवलं, तेव्हा वडिलांनी सुंदर म्हटलं नाही की वाईटही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "पश्चिमेकडची शेवरी कुणी तोडली?"

पहिल्या चित्राला हा प्रश्न कुणी विचारला नसता.